हिवाळ्यात हातात काही नाही आणि उन्हाळ्यात भरपूर, मग इन्शुरन्सच्या फॉर्मवर इन्कम लिहायचं तरी किती?

एडिसन, न्यूजर्सीहून एका मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय. नाव देत नाही. ती लग्नसराईत मेंदी आणि ब्रायडल मेकअप करते, नवरा रिअल इस्टेट एजंट आहे, नऊ वर्षांचा मुलगा, दोघंही सिटिझन. जानेवारीत घरात ९०० डॉलर आले, फेब्रुवारीत ६००, मार्चमध्ये १,८००, एप्रिलमध्ये २,५०० येतील असं वाटतंय आणि मेपासून पुढे महिन्याला सहा-सात हजार. वर्षाचा सगळा खर्च वजा जाता ५४,००० उरतील असा तिचा हिशोब. गेल्या वर्षी इन्शुरन्सचा हप्ता शंभरच्या आसपास होता, यंदा फॉर्म भरला तर ३०० च्या वर दाखवला, त्यात गेल्या वर्षीचा अंदाज चुकला म्हणून टॅक्सच्या वेळी नऊशे डॉलर परत द्यावे लागले, म्हणून घाबरून दोघांनी यंदा इन्शुरन्स घेतलाच नाही. मुलाचं एनजे फॅमिलीकेअरचं, म्हणजे न्यूजर्सीच्या सरकारी इन्शुरन्सचं, कार्ड तेवढं आहे. आणि नेमकं फेब्रुवारीत बर्फावरून घसरून नवऱ्याचं मनगट मोडलं, इमर्जन्सी रूमचं बिल आलंय, ते फ्रिजवर मॅग्नेटखाली तसंच लावलेलं आहे. शेवटी ती लिहिते, "ताई, डॅलसची बहीण म्हणते इन्कम जास्त दाखव, इथली मैत्रीण म्हणते कमी दाखव, आणि हे म्हणतात की मेडिकेड घेणं म्हणजे भीक मागणं. मला काहीच कळेनासं झालंय."

अगं, तू ताई म्हटलंस म्हणून मीही सरळ तू-तुझं करते.

आधी फ्रिजवरचं ते बिल, कारण बाकीचं सगळं आठवडाभर थांबेल पण हे नाही थांबणार. मेडिकेडमध्ये, म्हणजे कमी इन्कमवाल्यांच्या सरकारी इन्शुरन्समध्ये (तुमच्याकडे त्याचंच नाव एनजे फॅमिलीकेअर), मागच्या तारखेपासून कव्हरेज मागता येतं, अर्ज ज्या महिन्यात करशील त्याच्या आधीचे तीन महिने. त्या-त्या महिन्यात तुमचं इन्कम मर्यादेत होतं एवढं दाखवायला लागतं. तीन जणांच्या कुटुंबाला मोठ्या माणसांसाठी ही मर्यादा यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, महिन्याला साधारण ३,१४० डॉलर आहे, पॉव्हर्टी लेव्हलच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या, १३८ टक्के. तुमचा फेब्रुवारी ६०० चा. म्हणजे ज्या महिन्यात हात मोडला त्या महिन्यात तुम्ही दोघंही सरळ सरळ बसत होतात, फक्त कोणी अर्ज केला नव्हता! एप्रिलमध्ये अर्ज गेला तर जानेवारी-फेब्रुवारी-मार्च तिन्ही महिने मागता येतील, मेमध्ये गेला तर फेब्रुवारी कसाबसा हाताशी लागेल पण तेव्हा चालू महिन्याची कमाई मर्यादेच्या वर गेलेली असेल, आणि जूनमध्ये फेब्रुवारी हातचा गेला. तेव्हा हे वाचून झालं की आजच बस. फॉर्ममध्ये मागच्या तीन महिन्यांतली मेडिकल बिलं आहेत का असा प्रश्न असतो, घाईत लोक तिथे नाही म्हणून पुढे जातात, तिथे हो म्हणायचं आणि बिलाची कॉपी जोडायची. आणि लक्षात ठेव, इमर्जन्सीचं बिल एकच नसतं, हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, एक्सरे वाचणाऱ्याचं वेगळं, ती पत्रं महिना-दोन महिन्यांनी येत राहतात, सगळी एका पाकिटात ठेव.

हॉस्पिटलच्या बिलिंगला फोन करून सांग की मेडिकेडचा अर्ज केलाय, निकाल येईपर्यंत बिल कलेक्शनला पाठवू नका. आणि त्याच फोनवर चॅरिटी केअरचा फॉर्म पण माग. न्यूजर्सीत हॉस्पिटलांसाठी ही राज्याची योजना आहे, पॉव्हर्टी लेव्हलच्या २०० टक्क्यांपर्यंत पूर्ण आणि ३०० पर्यंत काही भाग माफ होतो. मेडिकेडचं काही कारणाने अडलं तर हा दुसरा दरवाजा, पण आधी पहिला ठोठवायचा.

आता तुझा मूळ गोंधळ. तो तुझा एकटीचा नाही, मी गेली काही वर्षं आपल्या लोकांना हे फॉर्म भरायला बसवते आणि दहातली आठ माणसं इथेच अडकतात. मेडिकेड तुझ्या आत्ताच्या महिन्याकडे बघतं, आणि मार्केटप्लेस, म्हणजे स्वतःचा इन्शुरन्स विकत घ्यायची सरकारी साइट, तुमच्याकडचं गेट कव्हर्ड एनजे, तिथली हप्त्यावरची सबसिडी जानेवारी ते डिसेंबर अख्ख्या वर्षाकडे बघते. पगारदार माणसाला हा फरक कधी जाणवतच नाही कारण त्याचा महिना गुणिले बारा म्हणजे त्याचं वर्ष. पण ज्याचा पैसा हंगामात येतो त्याचं तसं नाही ना. गावाकडे ऊस असलेल्या घरात कोणी विचारलं की महिन्याला किती मिळतात, तर काय सांगणार, बिल कारखान्याकडून येईल तेव्हा येईल, मधले महिने उधारीवर. तुमचं घर तसंच आहे, फक्त तुमचा ऊस म्हणजे मे ते ऑक्टोबरची लग्नं आणि शाळा सुटल्यावर घरं बदलणारी माणसं.

आणि आपल्या मनात सरकारी मदतीचं जे चित्र बसलंय ना, ते रेशनकार्डाचं आहे. पिवळं, केशरी, पांढरं, एकदा रंग ठरला की वर्षानुवर्षं तोच, घरात काहीही होवो. म्हणून आपल्याला वाटतं की एकदा "मेडिकेडवाले" ठरलो की कायमचे तेच, किंवा जूनमध्ये पैसे आले म्हणजे फेब्रुवारीत खोटं बोललो असं होईल. इथे तसं नाहीये. फेब्रुवारीत खरंच ६०० होते तर फेब्रुवारीत तुम्ही खरंच पात्र होतात, जूनमध्ये सात हजार आले तर जूनपासून पात्र नाही, दोन्ही खरं आहे आणि दोन्हीत लबाडी नाही. लबाडी कधी होते, तर जूनचं कळूनही सांगितलं नाही तर. खरं बोलून, वेळेवर कळवून मेडिकेड घेतलं असेल तर पुढच्या महिन्यांत कमाई वाढली म्हणून मागच्या महिन्यांचे पैसे परत मागत नाहीत. सबसिडीचं मात्र वेगळं आहे, तिचा हिशोब वर्षाच्या शेवटी टॅक्समध्ये होतोच होतो.

बहिणीचं आणि मैत्रिणीचं म्हणणं असं उलटसुलट का, तर तुझी बहीण टेक्ससमध्ये आहे. ४० राज्यांनी आणि वॉशिंग्टन डीसीने मेडिकेड वाढवून घेतलं, टेक्ससने नाही घेतलं. तिथे धडधाकट मोठ्या माणसाला इन्कम कितीही कमी असलं तरी मेडिकेड जवळपास मिळतच नाही, लहान मुलांच्या आईबापांना मिळतं पण त्याची मर्यादा इतकी खाली आहे की त्यात कोण बसणार. आणि मार्केटप्लेसची सबसिडी पॉव्हर्टी लेव्हलच्या १०० टक्क्यांपासून सुरू होते, तीन जणांना यंदाच्या प्लॅनसाठी २६,६५० डॉलर. म्हणजे तिकडे कोणाचा वर्षाचा अंदाज २५,००० निघाला तर मेडिकेड पण नाही आणि सबसिडी पण नाही, मधल्या खड्ड्यात. म्हणून तिकडची माणसं एकमेकांना सांगतात की अंदाज खाली जाऊ देऊ नका, कामं वाढवा, सगळं इन्कम दाखवा. तिच्या जागी ते बरोबर आहे. न्यूजर्सीत खाली गेलं तर एनजे फॅमिलीकेअर आहे, त्यामुळे इथे तो सल्ला लागू होत नाही. पण मैत्रिणीचं "कमी दाखव" मात्र कुठेच लागू होत नाही, ना इथे ना तिथे. जे आहे ते दाखवायचं. मेंदीचे पैसे झेल ॲपवर येतात की पाकिटात येतात याने काही फरक पडत नाही, ती कमाईच. फॉर्मवर सही आपली असते गं.

फक्त "जे आहे ते" म्हणजे नक्की काय, हे मात्र नीट समजून घे, कारण तू स्वतःचंच नुकसान केलंयस असं मला तुझं पत्र वाचून वाटतंय. तू फॉर्मवर ५४,००० लिहिलंस. खर्च वजा करून आलेला आकडा लिहिलास हे चांगलं केलंस, खूप जण हातात आलेले सगळे पैसे लिहितात, मेंदीचे कोन, मेकअपचं सामान, गाडीचे माईल, ब्रोकरचा वाटा यातलं काहीच वजा न करता. पण स्वतःचा धंदा करणाऱ्यांना जो सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स भरावा लागतो त्याचा अर्धा भाग पण इन्कममधून वजा होतो. ५४,००० वर हा अर्धा भाग साधारण ३,८०० होतो. म्हणजे इन्शुरन्सच्या दृष्टीने तुमचं इन्कम ५०,२०० च्या आसपास आहे. आता बघ काय होतं. ५४,००० म्हणजे पॉव्हर्टी लेव्हलच्या २०० टक्क्यांच्या किंचित वर, ५०,२०० म्हणजे १८८ टक्के. २०० टक्क्यांची रेषा तीन जणांना ५३,३०० वर आहे. तिच्या खाली आलं की एक तर हप्त्यातला तुमचा वाटा कमी होतो, मी हिशोब केला तर ज्या सिल्व्हर प्लॅनवर (ब्राँझच्या वरची पायरी) सबसिडी मोजतात त्याचा तुमचा वाटा महिन्याला ३०० वरून २५० वर येतो. आणि दुसरं, जे जास्त मोठं आहे, सिल्व्हर प्लॅन घेतला तर डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्सने पैसे द्यायच्या आधी आपण भरायची रक्कम, आणि डॉक्टरकडे भरायचे पैसे खूपच कमी होतात. या रेषेच्या खाली आणि वर एकाच कंपनीचा एकच सिल्व्हर प्लॅन दोन वेगळे प्लॅन असल्यासारखा वागतो. ही डिडक्टिबलमधली सूट २५० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६६,६२५ पर्यंत थोडीथोडी मिळते, पण २०० च्या खाली खरी मजबूत आहे. आणि ती टॅक्सच्या वेळी परत मागत नाहीत, हे लोकांना सांगून खरं वाटत नाही. हप्त्याच्या सबसिडीचा हिशोब होतो, डिडक्टिबलच्या सुटीचा होत नाही. म्हणून ब्राँझ स्वस्त दिसतो म्हणून तिकडे जाऊ नकोस, ही सूट फक्त सिल्व्हरवर आहे.

डिसेंबरपर्यंत कामं चांगली झाली आणि रेषेच्या वर जायला लागलात तर ट्रॅडिशनल आयआरएमध्ये, म्हणजे रिटायरमेंटच्या खात्यात, पैसे टाकता येतात, यंदा माणशी ७,५०० पर्यंत, आणि ते पुढच्या एप्रिलच्या टॅक्सच्या तारखेपर्यंत टाकता येतात, म्हणजे वर्ष संपून आकडा कळल्यावर सुद्धा. म्हातारपणाची सोय पण होते आणि इन्कम पण खाली येतं. हंगामी कमाईवाल्यांच्या हातात असलेली ही एक ब्रेकची दांडी आहे असं म्हण.

यंदा एवढं घाबरायचं कारण काय ते पण सांगते, कारण तुम्हाला वाटतंय की तुमचंच काहीतरी चुकलं. २०२१ पासून जी वाढीव सबसिडी चालू होती ती २०२५ च्या डिसेंबरअखेर संपली. म्हणून शंभरचे तीनशे झाले, तुमच्या बऱ्याच शेजाऱ्यांचं पण तसंच काहीतरी झालंय, बोलत कोणी नाही एवढंच. दुसरी गोष्ट जास्त काळजीची. आधी अंदाज चुकला तर मध्यम आणि कमी इन्कमवाल्यांनी किती परत करायचं याला वरची मर्यादा होती. २०२६ पासून ती काढली. जेवढी जास्त सबसिडी घेतली तेवढी सगळी परत. म्हणजे आज ५४,००० धरलेत आणि वर्षभरात खर्च जाता ७०,००० झाले, तर अख्ख्या वर्षाच्या हिशोबात साधारण २,३०० परत द्यावे लागतील. ते पैसे आलेले असतील तेव्हा द्यायला हरकत नाही, पण तोवर ते किचनच्या टाइल्समध्ये गेलेले असतात, हे मी माझ्या घरात पाहिलंय. आणि तिसरी गोष्ट, ४०० टक्क्यांचा कडा परत आला. तीन जणांना १,०६,६०० डॉलर. त्याच्या एक डॉलर वर गेलात तर फेडरल सबसिडी शून्य, घेतलेली सगळी परत.

तो कडा म्हणजे काय ते मला विचार. २०१७ साली हे काँट्रॅक्टवर होते, वर्षभर कामं अडतनडत, मी अगदी रडतखडत अंदाज काढून फॉर्म भरला आणि डिसेंबरमध्ये एका क्लायंटने थकवलेले सगळे पैसे एकदम दिले. आम्हाला केवढा आनंद झाला! मार्चमध्ये टॅक्सवाल्याने कागद पुढे ठेवला आणि सांगितलं की कड्याच्या दीड हजार पलीकडे गेलात, वर्षभराची सबसिडी परत. ज्या इन्शुरन्स एजंटने आमचा फॉर्म भरला होता त्याने हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. थोडे पैसे आयआरएमध्ये टाकले असते तर वाचलो असतो, पण ते कळलं तेव्हा रिटर्न भरून, चेक पाठवून झालेला होता. त्या दिवसापासून मी हे वाचायला लागले, आणि म्हणून तुला एवढं पोटतिडकीने लिहितेय.

म्हणून तुझ्या पत्रातल्या त्या एका ओळीवर मी थांबले, जी तू जाता जाता लिहिलीस. "यंदा नाशिकचा ह्यांचा प्लॉट विकायचा विचार आहे, ६० लाख येतील." अगं, हे पत्राच्या शेवटी लिहायची गोष्ट नाहीये! तुम्ही इथे टॅक्स भरता म्हणजे जगात कुठेही झालेला फायदा इथल्या इन्कममध्ये येतो. तू लिहितेस की २००९ मध्ये ६ लाखाला घेतला. तेव्हा डॉलर ४८ च्या आसपास होता म्हणजे १२,५०० डॉलरला घेतला, आता ९० च्या आसपास धरला तर ६० लाख म्हणजे ६६,७०० डॉलर, फायदा ५४,००० च्या वर. तो तुमच्या ५०,२०० मध्ये मिळव, १,०४,४०० च्या आसपास जातं. कड्यापासून दोन-सव्वादोन हजार अलीकडे, म्हणजे दोन मोठ्या लग्नांच्या ऑर्डर! तिकडे भारतात टॅक्स भरला त्याचं क्रेडिट इथल्या टॅक्समध्ये मिळतं, पण इन्शुरन्ससाठी जे इन्कम मोजतात ते त्याने कमी होत नाही. आणि मेडिकेडवर असताना विकला तर त्या महिन्याचं इन्कम म्हणून धरलं जाईल. मी विकू नका म्हणत नाही, भाव चांगला येत असेल तर इन्शुरन्ससाठी प्लॉट अडवून ठेवण्यात अर्थ नाही. पण कोणत्या वर्षात विकायचा हे टॅक्सवाल्यासमोर बसून ठरवा, आणि विकायचा ठरलाच तर सबसिडी महिन्याला पूर्ण घेऊ नका. फॉर्मवर तशी सोय आहे, थोडी घ्यायची किंवा अजिबात न घेता नंतर टॅक्सच्या वेळी एकदम घ्यायची.

तसंच बाकी भारतातलं. फ्लॅटचं भाडं येत असेल तर ते धरायचं, एनआरई खात्यातल्या एफडीचं व्याज भारतात टॅक्स फ्री आहे म्हणून लोक विसरतात पण इथे ते इन्कम आहे. आईबाबांनी प्रेमाने पाठवलेले पैसे मात्र इन्कम नाही, ते लिहायचे नाहीत.

आता पुढचे महिने कसे काढायचे. अर्ज आज करशील, त्यात एप्रिलचे २,५०० खरे लिहिशील. राज्यांना पुढे ठरलेला बदल लक्षात घ्यायची मुभा आहे, त्यामुळे ऑफिसातून विचारतील की धंदा हंगामी आहे का, मेमध्ये किती येतील, तर तुझी बुकिंगची वही दाखव, लपवू नकोस. धंदावाल्यांकडे पगाराची स्लिप नसते म्हणून महिन्यामहिन्याचा जमाखर्च मागतात, एका कागदावर महिना, आलेले पैसे, खर्च, उरले किती एवढं हाताने लिहिलं तरी चालतं, सोबत बँकेचं स्टेटमेंट आणि गेल्या वर्षीच्या टॅक्सचं शेड्यूल सी, म्हणजे धंद्याच्या नफ्यातोट्याचा फॉर्म.

मंजूर झालं तर मेमध्ये किंवा जूनमध्ये कमाई मर्यादेच्या वर गेली की कळवायचं. मग मेडिकेड बंद होत असल्याचं पत्र येईल. त्या पत्राने रडू नकोस, ते पत्र म्हणजे तुझं तिकीट आहे. एरवी मार्केटप्लेसची खिडकी ३१ जानेवारीला बंद झाली ती १ नोव्हेंबरपर्यंत उघडत नाही, पण मेडिकेड सुटलं की ६० दिवसांत मधूनच प्लॅन घेता येतो. महिना संपायच्या आतच प्लॅन निवड म्हणजे मध्ये भोक पडणार नाही. तिथे गेल्यावर अंदाज वर्षाचा द्यायचा, त्यात हिवाळ्याचे कोरडे महिने पण आले, म्हणजे जूनचे सात हजार गुणिले बारा असं करायचं नाही, खूप जण घाबरून तसं करतात आणि सबसिडी घालवून बसतात. आणि दोन्ही एकदम चालू ठेवायचं नाही. पुढच्या हिवाळ्यात परत मेडिकेड मंजूर झालं तर मार्केटप्लेसची सबसिडी त्याच वेळी थांबवायची, नाहीतर त्या महिन्यांची परत द्यावी लागते. एक अडचण आहेच, प्लॅन बदलला की डिडक्टिबल शून्यापासून सुरू होतं आणि डॉक्टर बदलू शकतात, म्हणून ज्या तपासण्या करायच्याच आहेत त्या मेडिकेड चालू असतानाच उरकून घ्या.

अर्ज नामंजूर झाला तर फेब्रुवारीचा वेगळा निकाल माग, कारण फेब्रुवारीत काय होतं ते मेच्या बुकिंगने बदलत नाही. पत्रावर अपीलची तारीख असते, ती चुकवू नकोस.

मार्केटप्लेसवर इन्कम बदललं की ३० दिवसांत कळवायचं असतं. तुम्हाला महिन्याला कळवणं जमणार नाही हे मला माहितेय, म्हणून माझी एक सवय सांगते. स्वतःच्या धंद्याचा टॅक्स तुम्ही वर्षात चार वेळा आगाऊ भरता, १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी. त्यासाठी हिशोब काढायला बसताच, त्याच दिवशी लॉगिन करून इन्शुरन्सचा अंदाज पण बदलायचा. आणि मध्ये एखादं मोठं घर विकलं गेलं तर त्या आठवड्यात. जानेवारीत टपालाने १०९५-ए नावाचा फॉर्म येतो तो टॅक्सवाल्याला द्यायचाच, त्यावरूनच तो सबसिडीच्या हिशोबाचा ८९६२ नंबरचा फॉर्म भरतो, तो भरला नाही तर पुढची सबसिडी अडते.

मुलाचं काय, तर तो निवांत आहे. न्यूजर्सीत मुलांची मर्यादा ३५५ टक्के आहे, तीन जणांना महिन्याला ८,००० च्या वर, आणि मुलांना एकदा मंजूर झालं की बारा महिने मधल्या कमीजास्तीने कार्ड जात नाही. जूनमध्ये तुम्ही दोघं मार्केटप्लेसवर आणि तो फॅमिलीकेअरवर असं होईल, एका घरात तीन कार्डं, ते चूक नाही. फक्त त्याला तुमच्या सबसिडीच्या प्लॅनमध्ये घालायला जाऊ नकोस, फॅमिलीकेअरला पात्र असलेल्या मुलाला तिथे सबसिडी मिळत नाही. रिन्यूअलचं पत्र आलं की मात्र उत्तर द्यायचं, कार्ड इन्कममुळे कमी आणि न उघडलेल्या पाकिटांमुळे जास्त जातात.

पुढच्या वर्षीचं थोडं. २०२७ पासून मोठ्या माणसांना मेडिकेडसाठी महिन्याला ८० तास काम दाखवायला लागणार आणि दर सहा महिन्यांनी तपासणी होणार. १३ वर्षं किंवा त्याखालचं मूल असलेल्या आईबापांना त्यातून सूट आहे, म्हणजे तुम्हाला सध्या चिंता नाही. हंगामी काम करणाऱ्यांसाठी कायद्यात सहा महिन्यांची सरासरी धरायची सोय आहे, महिन्याला ५८० डॉलर पडले तरी चालतं. मुलं मोठी असलेल्यांनी हे लक्षात ठेवा आणि आत्तापासून महिन्याची वही लिहा. आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ज्यांचा व्हिसा एच-१बी किंवा एच-४ आहे त्यांची सबसिडी जानेवारी २०२७ पासून बंद होतेय. ग्रीनकार्डावर आलेल्या आईवडिलांना पहिली पाच वर्षं साधारणपणे मेडिकेड मिळत नाही, आणि त्यांचं स्वतंत्र इन्कम १०० टक्क्यांच्या खाली असेल तर यंदापासून सबसिडी पण नाही. मुलाने त्यांना आपल्या टॅक्सवर डिपेंडंट घेतलं तर हिशोब बदलतो, ते आधी विचारून घ्या.

राहिलं तुझ्या नवऱ्याचं म्हणणं. माझे हे पण असंच म्हणायचे. त्याला सांग, गेल्या वर्षी टॅक्स भरलास की नाही, त्यातूनच हे चालतं. मनगट मोडल्यावर इमर्जन्सी रूममध्ये न जाता घरी हळद लावून बसला असता तर त्यात काय मान होता?

आणि तू लिहिलंयस की इन्शुरन्स नाही म्हणून प्लास्टर काढल्यावर हाडाच्या डॉक्टरला दाखवायला गेलाच नाही, आणि आता गाडीचं स्टिअरिंग फिरवताना दुखतं. ते दाखवायलाच हवं. मनगटाचं हाड वाकडं जुळलं तर नंतर नीट करणं फार अवघड आणि महाग होतं. अर्ज पाठवलास की त्याचा नंबर मिळेल, तो घेऊन ऑर्थोपेडिकच्या ऑफिसला फोन कर, मेडिकेड पेंडिंग आहे असं सांग आणि ते मेडिकेड घेतात का विचार. पहिल्याने नाही म्हटलं तर दुसऱ्याला कर. मला कळव काय झालं ते.